नापास ठरलेला खेळ आणि जिंजीचा वेढा

१/ १९९८ साली ‘स्टार वॉर्स : रिबेलियन’ हा संगणकीय खेळ बाजारात आला. ब्रिटनमध्ये त्याचे नाव ‘सुप्रीमसी’ होते. चित्रपटांच्या लौकिकामुळे अपेक्षा मोठ्या होत्या. अनेक समीक्षकांनी मात्र तो नापास केला. लढाया रटाळ, चित्रे निस्तेज, पडद्यावर खिडक्यांचा पसारा. मला हा खेळ मोलाचा वाटतो तो त्या पसाऱ्यामुळेच.

२/ पहिल्या ‘डेथ स्टार’च्या विनाशानंतर खेळ सुरू होतो. एकीकडे साम्राज्य, दुसरीकडे बंडखोर आणि मध्ये दोनशेपर्यंत ग्रह. खेळाडूचा बराच वेळ कारभारात जातो : वकील धाडणे, जहाजे बांधणे, ठाणी बसवणे.

३/ प्रत्येक ग्रहाची निष्ठा मोजली जाते. विरोधी ग्रह जिंकता येतो, पण तेथे शिबंदी ठेवावी लागते. ती कमी पडली की उठाव होतो. जितका मुलूख वाढतो, तितके सैन्य अडकून पडते.

४/ विजयाच्या अटीही विषम आहेत. साम्राज्याची राजधानी जागच्या जागी असते. बंडखोरांचे मुख्यालय मात्र हलवता येते. म्हणून साम्राज्याला ते आधी शोधावे लागते.

५/ येथे मला १६८९ आठवते. संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, येसूबाई व शाहू कैदेत गेले. पण राजाराम महाराज जिंजीला पोहोचले आणि राजधानी तिकडे गेली. झुल्फिकारखानाचा वेढा १६९८ पर्यंत रेंगाळला. किल्ला पडण्यापूर्वी महाराज निसटले होते.

६/ पुढे औरंगजेबाने सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड घेतले. प्रत्येक गडाला किल्लेदार, शिबंदी, दाणागोटा लागे आणि बादशहाची पाठ फिरताच मराठे पुन्हा चालून येत. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ तो मरण पावला, तेव्हाही युद्ध संपलेले नव्हते.

७/ तरीही खेळाला मर्यादा आहे. त्यात ग्रहाचा कल एका पट्टीवर मोजता येतो. प्रत्यक्षात एकच देशमुख दोन्ही पक्षांकडून वतनाच्या सनदा मिळवू पाही. निष्ठेचा असा तयार आकडा कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

८/ मी हे अंबडहून लिहीत आहे. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तरी येथील मत्स्योदरी देवीच्या मंदिराशी नाव जोडले जाते ते अहिल्याबाई होळकरांचे. १७१९ च्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांतील चौथाई आणि सरदेशमुखी मराठ्यांकडे आली. औरंगाबाद त्यांपैकीच एक. नकाशात या मुलखाला एकच रंग कसा द्यावा?

९/ लढाई कोणी जिंकली, हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. यापुढे आणखी एक विचारू या : लढाईनंतरच्या सुगीला वसूल कोणी नेला? आपापल्या तालुक्यापासून सुरुवात करा.