आपली मुलगी, त्यांचा संघ

मैत्रिणींनो, तुमच्या घरी भांडणं कशावरून होतात? तेल-साखरेच्या खर्चावरून, आल्यागेल्यावरून, फार तर मुलांच्या अभ्यासावरून. आमच्याकडे २०२३ च्या गुढीपाडव्याला भांडण झालं ते क्रिकेटवरून, आणि तेही बायकांच्या क्रिकेटवरून! श्रीखंडाची वाटी हातात घेऊन आमचे हे म्हणाले, "शुक्रवारी मुंबई जिंकणार. त्यात बोलण्यासारखं काही नाही."

मी म्हटलं, "बोलण्यासारखं पुष्कळ आहे. यूपी जिंकणार."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी श्रीखंडात मीठ घातलं होतं.

त्याचं असं झालं. त्या मार्चमध्ये महिलांची प्रीमियर लीग पहिल्यांदाच भरली होती. पाच संघ, आणि सगळे सामने मुंबईत आणि नवी मुंबईत. स्त्रियांना तिकीट फुकट! सोलापूरहून मुंबई म्हणजे रात्रीच्या गाडीचा प्रवास, पण मार्च महिना, परीक्षा, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. मैदानावर जाणं काही जमलं नाही. मग संध्याकाळी कुकर चढवायचा आणि तपासायचे पेपर मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसायचं, असा माझा नेम झाला. सासूबाई सुरुवातीला हसायच्या. आठवड्याभरात त्याच विचारू लागल्या, "आज कोण गं?"

बाद फेरीचा हिशेब त्यांना मी असा समजावला : साखळीत पहिला येईल तो सरळ अंतिम सामन्यात. दुसऱ्या-तिसऱ्याने आपसांत खेळायचं, जिंकेल त्याने पहिल्याशी गाठ घालायची. दिल्ली आणि मुंबई दोघींचे आठ सामन्यांत सहा विजय, गुण बारा-बारा. मग पहिली कोण? तर धावगती जिची चांगली ती. दोन घरी पगार सारखाच असावा, पण महिनाअखेर एकीच्या डब्यात चार पैसे जास्त उरावेत, तसं दिल्लीचं झालं. दिल्ली पहिली, मुंबई दुसरी, आठ गुणांची यूपी तिसरी. शेजारच्या सांगलीची स्मृती मानधना बंगळूरकडे. तीन कोटी चाळीस लाखांची, लिलावातली सगळ्यांत महाग खेळाडू! पण तिचा संघ पहिले पाच सामने ओळीने हरला आणि बाहेरच राहिला. महागाची पैठणी नेसली म्हणून कार्य निर्विघ्न पार पडतंच असं नाही, हेही त्यात कळलं.

आता माझी मतं ऐका. हसू नका हं.

दिल्ली मला शिस्तीच्या शाळेसारखी वाटायची. मेग लॅनिंग ही त्यांची कर्णधार म्हणजे वेळापत्रक आखून वागणारी मुख्याध्यापिका. धावाही त्या मोसमात सर्वांत जास्त तिच्याच, ३४५. पण मुख्याध्यापिका रजेवर गेल्यावर वर्गाचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. लॅनिंग लवकर बाद झाली की हा संघ गडबडेल, असं माझं मत होतं.

मुंबई म्हणजे भरलेलं घर. हरमनप्रीत कौर, नॅट सिव्हर-ब्रंट, हेली मॅथ्यूज, अमेलिया कर. एकीला नाही जमलं तर दुसरी पदर खोचून उभी. पहिले पाच सामने त्यांनी ओळीने जिंकले. उणीव काढायची म्हटली तरी सापडत नव्हती.

आणि यूपी? तो संघ माझ्यासारखा. सगळं शेवटच्या घटकेला! चार विजयांपैकी तीन शेवटच्या षटकातले. गुजरातला दोनदा हरवलं ते दोन्ही वेळा एक चेंडू राखून. १८ मार्चला मुंबईलाही हरवलं, तेव्हा तीन चेंडू उरले होते आणि सोफी एक्लेस्टनने षटकार मारून सामना संपवला होता. पण माझ्या एक लक्षात आलं होतं : चारही विजय त्यांनी मागून फलंदाजी करून मिळवले होते. समोर आकडा असला की या बायका तो गाठतात. तेव्हा शुक्रवारी मागून खेळायला मिळालं तर यूपीच, असं मी सांगून टाकलं.

पण खरं कारण हे नव्हतं. यूपीकडून किरण नवगिरे खेळत होती. किरण आपल्या जिल्ह्यातली, माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची. शेतकऱ्याची मुलगी. आधी भालाफेक, गोळाफेक करणारी. क्रिकेटकडे वळली उशिराच. २०२२ साली नागालँडकडून खेळताना अरुणाचल प्रदेशाविरुद्ध तिने ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा केल्या. वीस षटकांच्या सामन्यात दीडशेच्या वर धावा तिच्याआधी कुणाही भारतीयाने केल्या नव्हत्या, पुरुषांनीसुद्धा नाही. त्याच वर्षी ती भारताकडून खेळली. आणि २०२३ च्या ५ मार्चला, यूपीच्या पहिल्याच सामन्यात, पन्नाशी ओलांडून तिने बॅट उंचावली, तेव्हा बॅटवर कुठल्या कंपनीचं नाव नव्हतं. धोनीची आद्याक्षरं आणि त्याचा सात नंबर, एवढंच तिनं हाताने लिहिलेलं होतं. शाळेतल्या मुली पाटीवर नाव घालतात ना, तसं. मला गलबलून आलं.

हे म्हणाले, "मग काय झालं? संघ यूपीचा. आपला संघ मुंबई."

यावर सासूबाई बोलल्या. लसूण सोलता सोलता, मान वर न करता. "लेक सासरी गेली म्हणून माहेरच्यांनी तिच्या घराचं वाईट चिंतायचं का रे?"

झालं! ह्यांचं तोंड बंद. पण पैज लागलीच. हरेल त्याने आठवडाभर रात्रीची भांडी घासायची.

शुक्रवारी, २४ मार्चला, यूपीला मागूनच खेळायला मिळालं. मी ह्यांच्याकडे पाहून हसले. पण त्याआधी मुंबईने १८२ धावांचा डोंगर रचून ठेवला होता. सिव्हर-ब्रंटचा सुरुवातीलाच एक झेल सुटला, आणि तिने ३८ चेंडूंत नाबाद ७२ केल्या. सुटलेला झेल आणि उतू गेलेलं दूध, दोन्ही परत येत नाहीत. यूपीचे गडी भराभर पडले. एकटी किरण उभी होती. तीन षटकार मारले तिने. आमची धाकटी तेव्हा सातवीत होती. प्रत्येक फटक्याला ती पलंगावर उडी मारत होती. २७ चेंडूंत ४३ झाल्या आणि इसी वाँगच्या चेंडूवर किरण झेल देऊन बसली. पुढच्या दोन चेंडूंवर आणखी दोघी त्रिफळाचीत. लीगमधली पहिली हॅट्‌ट्रिक, आणि तिची सुरुवात आपल्या मुलीपासून! यूपीचा डाव ११० वर संपला. दोन दिवसांनी मुंबईने दिल्लीलाही सात गडी राखून हरवलं आणि चषक नेला. माझं एकही भाकीत धड ठरलं नाही.

भांडी? ती एरवीही मीच घासते, त्यामुळे मी पैज हरल्याचं घरात कुणाला जाणवलंसुद्धा नाही.

पण त्या रात्री भांडी घासताना धाकटी मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "आई, किरणताईच्या आईने तिला कधी 'पुढच्या वर्षी बघू' म्हटलं असेल का गं?"

माझा हात थांबला. मैदानावरच्या क्रिकेट वर्गाचा फॉर्म तिने दोन वर्षांपूर्वी आणून दिला होता. तो मी पिठाच्या डब्याखाली ठेवला होता. मुलांत एकटी मुलगी, ऊन, रंग काळवंडेल, नातेवाईक काय म्हणतील. कारणं माझ्याकडे रेशनसारखी भरून ठेवलेली होती. खरं सांगू? शाळेत असताना मी स्वतः खो-खो खेळायचे. दहावीनंतर "आता पुरे" असं घरात म्हटलं गेलं आणि मीही मुकाट्याने ऐकलं. तेव्हा ज्या शब्दांचा राग आला होता, तेच शब्द मी लेकीसाठी जपून ठेवले होते. परक्याच्या लेकीसाठी टाळ्या वाजवायच्या आणि आपल्या लेकीचा कागद डब्याखाली दडपायचा! सासूबाईंनी माहेरची गोष्ट सांगितली ती ह्यांना, पण लागली मला. माहेर म्हणजे तरी काय हो? हरली तरी आपली म्हणणारं, आणि जाताना दार अडवून न धरणारं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा उचलला. फॉर्मला पीठ लागलं होतं. झटकला, सही केली. ह्यांनीही काही न बोलता खाली सही केली.

त्यानंतर पुष्कळ घडलं. २०२४ साली मानधनाच्या बंगळूरने चषक जिंकला, २०२५ साली पुन्हा मुंबईने. २०२५ च्या २ नोव्हेंबरला आपल्या मुलींनी नवी मुंबईतच विश्वचषक घेतला, तेव्हा सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. आणि त्याच्या पंधरवडाभर आधी, १७ ऑक्टोबरला, किरणने महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक ठोकलं. महिलांच्या वीस षटकांच्या क्रिकेटमधलं तोवरचं जगातलं सर्वांत जलद शतक. या वेळी ती महाराष्ट्राकडूनच खेळत होती, त्यामुळे ह्यांना पैज लावायला जागाच उरली नाही.

आमची धाकटी काही किरण नवगिरे झालेली नाही. परवाच्या सामन्यात शून्यावर बाद होऊन आली, हातपाय धुतले आणि दोन कडक भाकऱ्या शेंगाचटणीशी खाल्ल्या. रंग काळवंडला आहे खरा. नातेवाईक बोलतात तेही खरं. मी ऐकून घेते.

तर मैत्रिणींनो, यंदा तुमचा संघ कोणता ते ठरवा आणि बिनधास्त भांडा. माझी भाकितं मात्र मनावर घेऊ नका. आणि हो, पांढऱ्या पँटवरचे गवताचे डाग कशाने जातात हे कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा. लिंबू-मीठ, सोडा, सगळं करून झालं.