शुक्राणूची मान
हल्ली माझ्या उजव्या हाताला बारीक कंप सुटतो, म्हणून इक्सीचं, म्हणजे सुईने शुक्राणू थेट बीजात सोडण्याचं, काम मी हळूहळू आमच्याकडे शिकणाऱ्या मुलीवर सोपवते आहे. तिचा हात माझ्या तरुणपणीच्या हातापेक्षाही स्थिर आहे. तरी पीव्हीपीच्या चिकट थेंबात शुक्राणू थांबवताना ती शेपटीवर पिपेट दाबते ती जागा मला पटत नाही. मानेच्या फार जवळ दाबते.

डोकं जेमतेम पाच मायक्रॉनचं, शेपूट त्याच्या दहापट लांब, आणि दोघांना जोडणारी मान मायक्रॉनभर. केंद्रकाच्या तळाशी उथळ खळगा असतो. त्यात मानेचा माथा बसतो, त्याखाली नऊ खांब, आणि मधोमध सेंट्रिओल. उंदराच्या शुक्राणूचं नुसतं डोकं बीजात सोडलं तरी पिल्लू होतं, कारण उंदराला बापाचं सेंट्रिओल लागत नाही. माणसाला लागतं, गर्भाचं पहिलं विभाजन त्याच्याच आधाराने मांडलं जातं. म्हणून मान तुटलेली दिसली की मी तिथेच अडते. ती कुठे तुटली? सेंट्रिओल डोक्याबरोबर राहिलं की शेपटीबरोबर गेलं? एसयूएन५ या जनुकात दोष असलेल्या पुरुषांत ते शेपटीबरोबर जातं. हा दोष २०१६ साली उजेडात आला. त्यांच्या वीर्यात बहुतेक नुसत्या शेपट्याच असतात, त्याही पोहणाऱ्या.

शुक्राणू तपासणारी नवी सॉफ्टवेअरं डोक्याच्या आकारावर गुण देतात आणि विक्रेते त्याचंच कौतुक सांगतात. चारशे पटींवर मान नुसती रेघ दिसते, पण ती सरळ बसली आहे की कलली आहे हे मला कळतं. ‘मॅडमना मान दिसते’ असं कुणी म्हटलं की मी अजूनही सुखावते. खुर्ची सोडवत नाही ती बरीचशी त्या सुखापायीच.

मध्यंतरी एक जोडपं दुसऱ्या लॅबचा वीर्यतपासणीचा रिपोर्ट घेऊन आलं. संख्या बरी, हालचाल उत्तम. मोठ्या लेन्सखाली पाहिलं तर डोकी जवळजवळ नव्हतीच. त्या रिपोर्टच्या भरवशावर त्यांची वर्षं गेली होती. डब्ल्यूएचओच्या वीर्यतपासणीच्या पुस्तिकेप्रमाणे सुट्या शेपट्या शुक्राणूंत धरायच्या नसतात, त्यांची वेगळी नोंद करायची असते. स्लाइड तपासायला बसणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे, मोजणीला हात घालण्याआधी मोठी लेन्स लावा आणि मान बघा.