काढू नये, काढून ये

माणसाला एखादे व्यसन असावे लागते. कुणाला तंबाखू, कुणाला पत्ते, मला चुका. स्वतःच्या नव्हेत, त्या काढायला आमच्या घरात स्वतंत्र खाते आहे. मी छापील चुकांबद्दल बोलतोय.

पूर्वी हे व्यसन वर्तमानपत्रावर भागे. सकाळी चहाबरोबर तांबडे पेन घेऊन बसलो की दोन-चार मुद्राराक्षस सहज हाती लागत. निवृत्तीनंतर चिरंजीवांनी फोन घेऊन दिला आणि इंटरनेटवरचे तंत्रज्ञानाचे लेख वाचायची सवय लागली. तिथे तर राक्षसांची वसाहतच! छापखान्यात निदान मुद्रितशोधक नावाचा एक जाड चष्म्याचा जीव बसत असे. इथे लेखक रात्री अकराला लिहितो आणि अकरा वाजून दोन मिनिटांनी ते जगभर प्रसिद्ध होते.

साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे चौदा नियम केले, १९७२ साली आणखी चार. या अठरांपैकी एकही ज्याच्या वाटेला गेला नाही असे लेख मी वाचलेले आहेत. पण ऱ्हस्व-दीर्घ मी आताशा सोडून देतो. (खोटे बोललो. सोडवत नाही.)

काही चुका मात्र जिवावर बेततात. ‘चालू संगणकातून पेनड्राइव्ह एकदम काढू नये’ असे हवे, तिथे छापले होते, ‘एकदम काढून ये’. एक ‘न’ जरासा सरकला, बस्स! दोन्ही वाक्ये शुद्ध. आता यंत्राने तरी चूक कशी पकडावी? एका लेखात इंटरनेटचा वेग मेगाबिटऐवजी मेगाबाइटमध्ये दिलेला. आठ बिटांचा एक बाइट होतो; म्हणजे गिऱ्हाइकाला सरळ आठपट स्वर्ग दाखवला!

असे काही दिसले की मी संपादकांना पत्र पाठवतो. ‘स. न. वि. वि. आपला लेख वाचनीय. तथापि...’ या ‘तथापि’नंतर दीड पान. उत्तर बहुधा येत नाही. चूक तेवढी गुपचूप दुरुस्त होते. एकदाच उत्तर आले. त्यात एकच शब्द होता : ‘धन्यावाद’.

अमेरिकेत डोनाल्ड कनूथ म्हणून संगणकशास्त्राचे मोठे प्राध्यापक आहेत. आपल्या पुस्तकातली चूक पहिल्यांदा दाखवणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवीत. २००८ पासून त्याऐवजी एका काल्पनिक बँकेचे प्रमाणपत्र देऊ लागले, तरी लोक ते चौकटीत लावून मिरवतात. हे मी मोठ्या अभिमानाने हिला सांगितले.

“मग तुमचे आजवर किती जमले?” ही म्हणाली.

आता मुद्द्याचे सांगतो. मला अक्का म्हणून थोरली बहीण होती. १९७४ साली, मी कॉलेजात असताना, तिचे सासरहून आलेले इनलँड पत्र मी तांबड्या शाईने दुरुस्त करून तिलाच परत पाठवले होते. वाटले, हसेल. त्यानंतर तिने मला एक ओळ लिहिली नाही. भेटली की बोलायची, जेवू घालायची. पत्र मात्र नाही. म्हातारपणी तिच्या हाती फोन आला तेव्हा एक दिवस मला तिच्या आवाजातला निरोप आला : “बंड्या, आता काढ चुका! बोलण्यातले ऱ्हस्व-दीर्घ कुठून शोधशील रे?” आणि पुढे तीन मिनिटे नुसते हसणे आणि आमसुलाच्या साराची कृती. गेल्या वर्षी अक्का गेली. तो निरोप मी अधूनमधून ऐकत असे.

दिवाळीनंतर ‘फोनमधील मौल्यवान गोष्टींची दुसरी प्रत कशी ठेवावी’ असा एक लेख वाचनात आला. मी सात चुका काढल्या. ‘जतन’चे दोनदा ‘जनत’ झाले होते. पत्र पाठवले आणि समाधानाने झोपलो. पुढच्याच आठवड्यात माझा फोन न्हाणीघरात पाण्याच्या बादलीत पडला.

दुकानातला पोरगा फोन हलवून म्हणाला, “काका, बॅकअप घेतला होता का?”

अक्काचा फोन तिच्या नातवाने केव्हाच विकून टाकला होता.

घरी येऊन हिच्या फोनवर तो लेख पुन्हा उघडला. साती चुका दुरुस्त झालेल्या. या खेपेला प्रथमच मी त्यात काय सांगितले आहे ते वाचले. चार पायऱ्या होत्या, दहा मिनिटांचे काम. शेवटी ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘हे आजच करा, विसरु नका.’

मी पत्र लिहायला घेतले. ‘स. न. वि. वि. आपला लेख वाचनीय. तथापि’ इथवर आलो आणि पुढे बराच वेळ काही सुचेना. शेवटी, ‘विसरु’मधला ‘रु’ दीर्घ हवा, एवढेच लिहून पत्र पाठवून दिले.