गैरहजेरीचे दिवस

लग्नात सासरचे गोत्र मिळाले ते भटजींच्या चार मंत्रांत. त्यासाठी अर्ज भरावा लागला नाही. नवऱ्याचे ब्रिटिश नागरिकत्व मात्र असे आपसूक मिळत नाही. कायम वास्तव्याचा परवाना हवा, तीन वर्षे त्या देशात राहिलेले हवे, शिवाय २४ प्रश्नांची परीक्षा. त्यांतले १८ बरोबर आले पाहिजेत. आठव्या हेन्रीच्या सहा राण्या मी पाठ करीत होते, तेव्हा सहज नवऱ्याला विचारले. त्याला तीनच आठवल्या! नागरिक तो आणि अभ्यास माझा.

परीक्षा झाली. अडले ते अर्जापाशी. गेल्या तीन वर्षांत देशाबाहेर किती दिवस होतात? सहसा २७० च्या वर चालत नाहीत. पासपोर्टावरचे शिक्के पाहून मी लिहीत गेले. मिरजेला आईच्या पहिल्या आजारात ४१. दुसऱ्या आजारात ९६. तिच्या दिवसकार्याला १९. भाचीच्या लग्नाला २३. निघाल्याचा आणि पोचल्याचा दिवस त्यात धरत नाहीत. विमानात रडून काढलेले दिवस सरकारच्या लेखी हजेरीचेच. उरलेली सगळी गैरहजेरी. आईच्या उशाशी मी हजर होते, हे लिहायला तक्त्यात रकाना नव्हता.

बेरीज १७९ झाली.

“अजून ९१ शिल्लक आहेत की!” नवरा खुशीत म्हणाला.

मी काहीच बोलले नाही. दुसऱ्या खेपेला आई म्हणाली होती, “आणखी आठ दिवस राहा ग.” आणि मी म्हटले होते, “दिवस राखून ठेवायला हवेत, आई.” तिने फार काही विचारले नाही. डबा भरून दिला.

अर्ज पाठवला. सुटीत फ्रान्सला जायचे तरी घरात व्हिसा एकटीलाच लागे, त्याचा कंटाळा आला होता. आपल्या १९५५ च्या कायद्याप्रमाणे परके नागरिकत्व आपखुशीने घेतले की भारताचे तिथेच संपते. ओसीआय कार्डावर येता-जाता येते. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. शपथ घेताना मला तक्त्यातले आकडेच आठवत होते. पुढे जुना पासपोर्ट रद्द होऊन परत आला. मिरजेचे शिक्के त्यात आहेत तसेच आहेत.

आता कुणी दिवस मोजीत नाही. भावाने दिवाळीला बोलावले आहे. यंदा तुळशीच्या लग्नापर्यंत राहीन म्हणते.