जुन्या फाँटचा संसार

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती थांबली आणि माझा धडधाकट संगणक कागदोपत्री निवृत्त झाला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. माझा चौथ्या पिढीतला. आमच्या तारोडी गावात घरबसल्या लग्नपत्रिका, चर्चमधल्या मिस्साची निमंत्रणं, सणाची हँडबिलं करायला याहून जास्त काय लागतं?

"मामा, लिनक्स टाका आणि मोकळे व्हा," भाचा म्हणाला. त्याने पेनड्राइव्हवरूनच ते चालवून दाखवलं. वायफाय लागलं, प्रिंटरनेही कुरकुर न करता पान दिलं. पैसे नाहीत, परवाना संपायची धास्ती नाही. मन जवळजवळ झालंच होतं.

मग मी एक जुनी लग्नपत्रिका उघडली. वधूवरांच्या नावांच्या जागी कंस, टक्के आणि टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं! त्या काळच्या फाँटांनी इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर आपले काने, वेलांट्या, अर्धी अक्षरं बसवली होती. फाइलमध्ये 'क' नसतोच, असतो त्या खुर्चीचा नंबर. फाँट गेला की सगळं गेलं. अक्षरं पालटून देणारी साधनं आहेत, पण पहिली वेलांटी अक्षराच्या आधी नोंदलेली, रफार नंतर. 'बोर्जिस' आडनावातल्या 'र्जि'ला दोन्ही एकदम आले की साधन गडबडतं. आमच्याकडे बोर्जिस काही कमी नाहीत. म्हणजे प्रत्येक पान पुन्हा वाचणं आलं.

यात विंडोजला शिव्या देण्यात अर्थ नाही. युनिकोडसारखं प्रमाण रुळलेलं नव्हतं तेव्हा प्रत्येक फाँटवाल्याने आपापली सोय केली, आणि त्या सोयीवर गावोगावच्या डीटीपीवाल्यांची चूल पेटली, माझीही. उलट मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी मराठीसाठी जे केलं ते फुकटात मिळतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. इंडलिनक्सची मंडळी लिनक्सला भारतीय भाषा शिकवत होती, तेव्हा आम्ही फाँटच्या सीड्या एकमेकांना देत होतो. आज मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट करणाऱ्या मंडळींचा 'मुक्त' फाँट कुणीही उतरवून घ्यावा. पानं लावायच्या स्क्रायबसला मात्र जोडाक्षरं नीट जुळवायला वेळ लागला. ते जमणारी १.६ ही स्थिर आवृत्ती २०२४ मध्ये आली. त्याआधी कुणी मला लिनक्सवर ये म्हणालं असतं, तर मी त्याला चहा पाजून परत पाठवलं असतं.

आता नवं काम सगळं लिनक्सवर, युनिकोडमध्ये. जुनी डिस्क वेगळी, तिच्यावर विंडोज १०, इंटरनेटची वायर काढलेली. भाच्याच्या मते हे काही खरं स्थलांतर नव्हे. नसेल. तत्त्वापायी गावाच्या वीस-पंचवीस वर्षांच्या पत्रिका टाकून द्यायला मी तयार नाही. गिऱ्हाईक येतं ते आईवडिलांच्या लग्नाची पत्रिका मागायला. कुठल्या प्रणालीत आहे ते विचारत नाही.

खरी अडचण बोटांची आहे. ती टाइपरायटरच्या पट्टीवर तयार झालेली आणि इथे मी इनस्क्रिप्ट ही कळमांडणी घेतलीय. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं. शहाणी मांडणी आहे, यात वाद नाही. पण घाईचं काम आलं की करंगळी अजून जुन्याच कळीवर जाते, आणि गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं.