मिसिंगचं कारण

सेकंडहँड गाडी मधूनच आचके देऊ लागली की सल्ले फुकट मिळतात. पेट्रोल भेसळीचं आहे, प्लग बदला, लिंबू-मिरची बांधा. आपल्या कार्यकर्त्याच्या गाडीला लिंबू लटकलेला दिसला की मला इंजिनपेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटते!

आमच्या जुन्या तीन सिलिंडरच्या गाडीचा दोष जळगावात दिसायचाच नाही. एरंडोल, पारोळा मागे पडलं, इंजिन तापलं, की मिसिंग सुरू. एका गॅरेजात न तपासताच प्लग बदलले, फरक शून्य. धुळ्याच्या मिस्त्रीने आधी विचारलं, "थंड असताना होतं की गरम?" मग गरम इंजिन चालू ठेवून इंजेक्टरचे कनेक्टर एकेक काढून पाहिले. ज्याचा काढल्यावर आवाज बदलला नाही, तो सिलिंडर कामच करत नव्हता. त्याची इग्निशन कॉइल शेजारच्या सिलिंडरवर टाकली, तर मिसिंगही शेजारी गेलं. दोष कॉइलचा. तापली की ती स्पार्क देणं सोडायची.

१९२९ साली चाळीसगावला बाबासाहेब टांग्यातून फेकले गेले, पाय मोडला. वरवर कारण सोपं होतं: हाकणारा नवशिका. बाबासाहेबांनी चौकशी केली. अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला टांगेवाले तयार नव्हते, म्हणून वस्तीतल्या माणसाला लगाम धरावा लागला होता.

आपला पोरगा परीक्षेत मागे पडला की "मेहनत नाही" म्हणणारे न तपासता प्लगच बदलत असतात. शिष्यवृत्ती कोणत्या महिन्यात हातात पडली, हे त्याला कुणी विचारतं का?