मान्यतेचा शिक्का आणि अर्धा र

हिमायतनगरच्या बाजारात रीतसर विक्रीला आलेल्या मोबाइलच्या किंवा टॅबलेटच्या चार्जरवर अतिशय बारीक अक्षरांत भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा एक क्रमांक छापलेला असतो. तो सहसा कोणी वाचत नाही. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१२ मध्ये काढलेल्या आदेशाने पंधरा प्रकारच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंना ही नोंदणी सक्तीची केली. लॅपटॉप, नोटबुक, टॅबलेट ही संगणकाची सोबत वागवता येण्याजोगी रूपे त्या यादीत पहिल्यापासून होती. मोबाइल पुढच्या यादीत आला. उत्पादकाने नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यायचा, विजेचा धक्का, आग, अतिउष्णता यांपासून वापरणारा सुरक्षित आहे की नाही हे तिथे तपासायचे, आणि अहवाल समाधानकारक असेल तर ब्युरोने क्रमांक द्यायचा, अशी ही व्यवस्था आहे. तिला पडणारा प्रश्न एकच : हे यंत्र माणसाच्या शरीराला इजा करील काय? त्याच्या भाषेचे ते काय करील, हा प्रश्न तिच्या कक्षेत बराच काळ नव्हता.

तो आला २०१६ साली. मोबाइल संचांतील भारतीय भाषांसंबंधीचे मानक, आयएस १६३३३ भाग ३, त्या वर्षी सक्तीचे ठरवण्यात आले. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीसही भाषांतला मजकूर प्रत्येक संचावर वाचता आला पाहिजे, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत तो लिहिता आला पाहिजे, असे त्याचे सार. अंमलबजावणीसाठी प्रथम १ जुलै २०१७ ही तारीख ठरली होती. नंतर ती पुढे सरकली. तरीही घटना लहान नव्हे. एखादी वस्तू बाजारात येऊ द्यायची की नाही हे ठरवताना लिपीचा विचार झाला, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनी ज्या गांभीर्याने टिपायला हवी होती, तशी ती टिपली गेली नाही.

मात्र ‘वाचता येणे’ या शब्दांचा अर्थ आपण नीट तपासला पाहिजे. मराठीची देवनागरी आणि हिंदीची देवनागरी वरवर एकच दिसते. फरक आहे तो बारकाव्यांत. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ही जोडी आपण वर्गात अनेकदा फळ्यावर लिहितो. पहिल्यात गुरुजन आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. तसेच ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. हा अर्धा र मराठीत अर्थभेदक आहे, हिंदीत त्याची गरज पडत नाही. युनिकोडमध्ये तो ‘ऱ’ या अक्षराला हलन्त जोडून मिळतो. आणि त्या अक्षरापुढची अधिकृत टीप सांगते की, ते द्राविडी भाषांतील एका र-ध्वनीच्या लिप्यंतरासाठी आहे. तेलंगणाच्या सीमेलगत राहणाऱ्या आम्हांला यात एक वेगळी गंमत वाटते : तेलुगूत त्या ध्वनीचे जुने अक्षर आता क्वचितच वापरले जाते, मराठीचा अर्धा र मात्र त्याच्याच घरी पाहुणा म्हणून राहतो आहे.

पाहुणा असल्यामुळे तो सहज सापडत नाही. कित्येक कळफलकांवर तो दुसऱ्या अक्षराच्या आड असतो, कळ दाबून धरली तरच दिसतो. आमच्या भागातील पुष्कळ मुलांची संगणकाशी पहिली गाठ मोबाइलच्याच रूपाने पडते. त्यांनी मोबाइलवर लिहून पाठवलेल्या निबंधांत ‘दुसर्या’, ‘सार्या’, ‘करणार्या’ ही रूपे इतकी येतात की, हा मुलांच्या शुद्धलेखनाचा दोष मानावा की त्यांच्या हाती आलेल्या यंत्राचा, असा प्रश्न पडतो. यंत्र मानकात उत्तीर्ण आहे, मुलगा मात्र नापास होतो.

गुंतागुंत येथेच संपत नाही. हाच अर्धा र नेहमीच्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही उमटवता येतो. जुन्या मजकुराशी सुसंगती राहावी म्हणून युनिकोडने ती रीतही चालू ठेवली आहे. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात, यंत्राच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द असतात. शोधप्रणालीने दोन्ही रीती एक मानल्या नसतील, तर एका रीतीने शोधणाऱ्याला दुसऱ्या रीतीने लिहिलेला शब्द सापडणार नाही. उद्या कोणी संशोधक मराठी कादंबऱ्यांच्या संगणकीय प्रतींतून एखाद्या शब्दाची वारंवारिता काढू लागला, तर त्याचा निष्कर्ष लेखकाच्या शैलीवर नव्हे, टंकलेखकाच्या कळफलकावर अवलंबून राहील.

मराठवाड्याला ‘मान्यता’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत येथे राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठी घरात, देवळात, बाजारात जगत होती. आमच्या गावालाही लोक वाढोणा म्हणतात, दप्तर हिमायतनगर म्हणते. दप्तरात नसलेली गोष्ट नष्ट होतेच असे नाही, पण तिचे जगणे सोसण्याच्या बळावर चालते. अर्ध्या र चे आज तसेच चालले आहे.

याच भूमीत, पैठणला, एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ दूर केले. पाठचिकित्सेचा तो वारसा आपण एम.ए.च्या वर्गात आदराने शिकवतो. मग आजच्या लेखनिकाकडे, म्हणजे यंत्राकडे, पाहण्याचे आपण का टाळावे? मागणी केल्याने काहीच होत नाही असेही नाही. मराठीचा ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. देठाचा श आणि पाकळीचा ल ही मराठी वळणे महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात प्रमाण म्हणून नोंदवली.

मानक ब्युरो आपल्या मानकांचे मसुदे अभिप्रायासाठी खुले करतो. त्यांवर अभियंते अभिप्राय देतात, उत्पादक देतात. मराठीच्या प्राध्यापकानेही द्यायला कोणाची हरकत नाही. २०१६ चे ते मानक मोबाइल संचांपुरते होते. टॅबलेट आणि लॅपटॉप त्यात नव्हते. निदान पुढचा मसुदा येईल तेव्हा ‘आचाऱ्यांना’ हा एक शब्द चाचणीच्या यादीत असावा, एवढे तरी एखाद्या मराठी विभागाने लिहून कळवावे. पत्र लिहायला एक दुपार पुरेल.